मापात पाप कुणाचे?

'मापात पाप करू नये' हे वाक्य आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते ऐकले की डोळ्यांपुढे येतो तो तराजूच्या दांडीला हळूच बोट लावणारा दुकानदार. परंतु माप वापरणाऱ्याच्या मनात काही पाप नसताना मापातच ते शिरले, तर दोष कुणाचा, हा प्रश्न मला गेल्या हिवाळ्यापर्यंत कधी पडला नव्हता. तो पडला तो माझ्याच आईमुळे, आणि सुटला तेव्हा मला फारसा आनंद झाला नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे गाव बिरसा. नाव सांगितले की इथल्या मैत्रिणींना बिरसा मुंडा आठवतात. पण हे गाव मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले. मलाजखंडची तांब्याची खाण आमच्याच तहसिलीत आहे आणि कान्हाचे जंगलही आमच्यापासून फार लांब नाही. गावात हिंदी चालते, आसपासच्या खेड्यांत गोंडी ऐकू येते. आमचे घराणे गोंदियाकडून आलेले असल्यामुळे घरात मराठी. मामा इकडे सीमाभागात नोकरीला असल्याने मी या महाविद्यालयात शिकायला आले आणि येथे मराठीच्या जोडीला कन्नड ऐकू लागले. असो.

माझी आई बिरसाजवळच्या एका खेड्यातील प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण रांधते. सरकारी कागदावर तिला 'रसोइया' म्हणतात. सत्रपरीक्षा संपवून मी घरी गेले तेव्हा ती जरा गप्पगप्प होती. दोन दिवसांनी कारण कळले. शाळेत तपासणीला एक साहेब आले होते. त्यांनी वरणाच्या गंजात पळी फिरवून पाहिली, 'दाल पतली है' म्हणाले आणि विचारले, एका मुलामागे किती ग्रॅम डाळ घालता? आई म्हणाली, वीस पोरांमागे एक मग. साहेबांनी पुन्हा विचारले, ग्रॅम किती? आईने पुन्हा तेच सांगितले. साहेबांनी नोंदवहीत शेरा लिहिला, डाळ कमी. आणि ते निघून गेले.

'मी का डाळ घरी नेतो का पोरी?' आई मला म्हणाली. एवढेच बोलली, पण ते वाक्य काही केल्या माझ्या मनातून जाईना.

वाचकहो, आता जरा हिशेब पाहा. शाळेतील दुपारच्या जेवणासाठी सरकारने ठरवलेले प्रमाण असे आहे: पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. हे सगळे आकडे वजनाचे आहेत. आणि आईच्या त्या स्वयंपाकघरात आहे काय? दोन मोठे गंज, एक कढई, पळ्या, परात आणि एक ॲल्युमिनियमचा मग. काटा नाही. म्हणजे नियम बोलतो वजनाच्या भाषेत आणि रांधणारी बोलते मापाच्या भाषेत, आणि या दोहोंमध्ये दुभाष्या कुणी नाही.

दोन भाषांमधला असा घोटाळा मी येथे वसतिगृहात एकदा अनुभवला होता. माझी खोलीतली मैत्रीण कन्नड भाषिक. एका रविवारी तिच्या आईने लिहून दिलेल्या कृतीवरून आम्ही बिसी बेळे भात करायला घेतला. कृतीत लिहिले होते, एक पावु तांदूळ, अर्धा पावु तुरीची डाळ, सहा पावु पाणी. बाजारहाट माझ्याकडे होती. 'पावु' म्हणजे आपला पावशेर, असे समजून मी पाव किलो तांदूळ आणि त्याच्या निम्मी डाळ आणली. पाणी मात्र मैत्रिणीने तिच्या घरून आणलेल्या पावाच्या भांड्याने घातले. भात असा घट्ट झाला की पळी त्यात उभी राहिली!

चूक कुठे झाली? कन्नड घरात चार पावांचा एक सेरु होतो आणि पावु हे भांड्याचे माप आहे. आमच्या बाजारात पाव म्हणजे तराजूतले वजन. शब्द एकच, पण एकाचा जन्म भांड्यातला आणि दुसऱ्याचा तागडीतला. तिच्या पावात तांदूळ भरून मामीच्या काट्यावर ठेवले तर ते २०० ग्रॅमच्या आसपास भरले. मी आणले होते २५०. गंमत अशी की तांदूळ आणि डाळ यांचे एकमेकांशी प्रमाण मुळीच बिघडले नव्हते, कारण दोन्ही मी वजनानेच आणली होती. बिघडले ते पाण्याशी असलेले प्रमाण, कारण पाणी तेवढे मापाने पडले. एकाच वाटीने सगळे मोजले तर वाटी लहान असो वा मोठी, पदार्थ बिघडत नाही. सगळे तोलले तरी बिघडत नाही. अर्धे तोलायचे आणि अर्धे मोजायचे, तेथे मात्र रूपांतर यावे लागते. आईच्या शाळेत नेमके हेच चालले होते.

आपल्या पूर्वजांना हा भेद चांगला ठाऊक होता. जुन्या मराठी कागदपत्रांत 'कैली' आणि 'वजनी' असे दोन शब्द येतात. कैली म्हणजे मापाने मोजलेले, वजनी म्हणजे तोललेले. धान्य कैली, गूळ वजनी. कैली मापांची उतरंड किती सुबक होती पाहा: दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. शेर हा शब्द दोन्हीकडे होता, म्हणून कोणता शेर ते स्पष्ट करावे लागे. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली, १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू होत गेली आणि ८० तोळ्यांचा म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा वजनी शेर जाऊन किलो आला. ते योग्यच झाले. गावागणिक वेगळी पायली असण्यात लबाडीला भरपूर वाव होता. पण बाजारातली पायली गेली तरी घरातली वाटी गेली नाही. आमच्या बिरसाच्या बाजारात मी लहान असताना मोहाची फुले आणि कोदो-कुटकी पायलीने मोजून घेताना पाहिली आहेत. पायलीवर शीग किती चढवायची यावरून होणारी घासाघीसही ऐकली आहे.

मामीचा तो छोटा काटा मी सुट्टीत घरी नेला होता. आईवरचा शेरा खोटा आहे हे सिद्ध करून दाखवायचे, असे मनात ठरवूनच मी तिच्याबरोबर शाळेत गेले. मग हातात घेतला, तुरीची डाळ भरली, वर हात फिरवून ती सपाट केली आणि तोलली. ३६५ ग्रॅम. पुन्हा भरली. पुन्हा तेवढीच. वीस मुलांची डाळ व्हायला हवी ४०० ग्रॅम. क्षणभर वाटले, काटा गुपचूप पिशवीत टाकावा आणि आईला काही सांगूच नये.

साहेबांचा शेरा खरा होता. साठ मुलांमागे तीन मग म्हणजे १,०९५ ग्रॅम. हवी १,२०० ग्रॅम. रोज १०५ ग्रॅम डाळ कमी पडत होती, म्हणजे दर मुलामागे पावणेदोन ग्रॅम. आकडा लहान दिसतो. पण ज्या मुलाच्या घरी डाळ रोज शिजत नाही, त्याच्या ताटातली ती डाळ आहे.

मग तांदूळ तोलले. तांदळाचा नियम वीस पोरांमागे पाच मग. आई तांदूळ नेहमी शीग लावून मोजते, डाळ मात्र सपाट, कारण डाळ महाग. शिगेसकट मग ४१० ग्रॅमचा भरला. साठ मुलांचे पंधरा मग म्हणजे सहा किलोंच्या वर दीडशे ग्रॅम. तांदूळ पुरेपूर होता. म्हणजे हात आखडता नव्हता. मग डाळीचे काय झाले?

उत्तर मगाच्या बुडाशी होते. मग कधीतरी दगडावर आपटला होता आणि त्याला एका अंगाने चांगला मोठा पोचा आला होता. आईच्या आधी तेथे जी बाई रांधत असे, तिने हा 'वीस पोरांमागे एक मग' नियम घालून दिला, तेव्हा मग धड होता. अर्ध्या लिटरच्या धड मगात सपाट डाळ ४१५ ग्रॅमच्या आसपास बसते. नियम अगदी बरोबर होता! मग चेपला आणि नियम तसाच राहिला. आईने डाळ चोरली नव्हती, साहेबही खोटे बोलले नव्हते. पण साहेबांनीही काही तोलले नव्हते. त्यांनी पळी फिरवून अंदाज केला, आईने मग भरून अंदाज केला. फरक एवढाच की एकाचा अंदाज नोंदवहीत गेला आणि दुसरीच्या अंदाजाला चोरीचा वास लागला.

त्या रात्री आमच्या घरात जे सापडेल ते मी एकाच वाटीने मोजून तोलत बसले. वाटी २०० मिलीलिटरची, सपाट भरलेली. पाणी अर्थातच २०० ग्रॅम. तांदूळ १७०, तुरीची डाळ १६५, साखर १७०, रवा १४०, कणीक ११०, बेसन ९०, जाडे पोहे ७०, तेल १८२ आणि बारीक मीठ २४०. म्हणजे वाटी तीच, पण पोह्यांची वाटी मिठाच्या वाटीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलकी. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ज्याला आपण घनता म्हणून पाठ करतो, ती येथे चुलीजवळ बसलेली असते. त्यातही या घनतेत दाण्यांमधली पोकळी धरलेली असते. म्हणून कणीक चाळली की तीच वाटी १०० ग्रॅमवर येते आणि डबा आपटून भरली की १३० वर जाते. तांदूळ-डाळीत एवढा चढउतार होत नाही, कारण दाणा कठीण असतो. पालेभाजीचे तर मापच करू नये. दाबाल तशी ती बसते.

तेलाचेही असेच. मुलामागे ५ ग्रॅम म्हणजे साठ मुलांचे ३०० ग्रॅम. कुणी घाईत ३०० मिलीलिटर तेल मोजून घातले तर ते भरेल २७३ ग्रॅम. ३०० ग्रॅमसाठी ३३० मिलीलिटर घ्यावे लागेल. एक लिटर तेलाच्या पिशवीवर पुष्कळदा ९१० ग्रॅम असे छापलेले असते. ते आपण वाचतो, पण त्याचा अर्थ आपल्या कढईपर्यंत पोहोचत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग सोपे आहे, सगळ्यांनी तोलूनच रांधावे. वाटी-चमचा हे अडाणीपण आहे, टाकून द्या. माझे मत तसे नाही. पहाटे उठून साठ मुलांचे अन्न शिजवणाऱ्या बाईने चुलीच्या धुरात ओल्या हाताने दर जिन्नस काट्यावर ठेवावा, ही अपेक्षा ज्याने कधी रांधले नाही तोच करू शकेल. माप हे झटपट होते, त्याला वीज-सेल लागत नाही, आणि अक्षर न वाचणाऱ्या बाईलाही ते वापरता येते. कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि घरोघर गेले, त्याचे एक कारण मला असे दिसते की ते वाटी-चमच्याच्या भाषेत बोलते. अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी १८९६ सालच्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकात तोलण्याचा नव्हे, तर कप आणि चमचा सपाट भरून मोजण्याचा आग्रह धरला. दोष मापाचा नाही. दोष आहे तो न पारखलेल्या मापाचा.

याचे फार चांगले उदाहरण आपल्या शेजारी बांगलादेशात घडले. १९८० पासून तेथील 'ब्रॅक' या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन अतिसारावरचे पेय शिकवू लागल्या. ग्रॅमचे नाव नाही. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढेच. पण मीठ जास्त झाले तर बाळाच्या जिवाशी गाठ. म्हणून संस्थेने काय केले? आयांनी केलेल्या पेयाचे नमुने तपासायचे आणि त्या निकालावर शिकवणाऱ्या बाईचा मेहनताना ठरवायचा. म्हणजे चिमूट आईची आणि पारख प्रयोगशाळेची. कुणी आईला 'मिलिग्रॅम किती' असे विचारून खाली पाहायला लावले नाही. पारख करण्याची जबाबदारी ज्याच्याजवळ काटा होता त्याने उचलली.

माझे सारे म्हणणे येथे येऊन थांबते. वजनाने माप एकदा पारखावे आणि मग मापाने रोज रांधावे. जो ग्रॅममध्ये नियम लिहितो, त्यानेच तो नियम वाटीत आणि मगात उतरवून द्यावा. ते काम रांधणारीवर ढकलू नये. प्रत्येक शाळेच्या स्वयंपाकघरात एक धड, न चेपणारे माप असावे. त्यावर डाळीची खूण आणि तांदळाची खूण वेगवेगळी असावी. सपाट की शीग हे भिंतीवर चित्राने दाखवावे. आणि वर्षातून दोनदा कुणीतरी काटा घेऊन यावे. शेरा लिहायचाच तर आधी तोलावे.

पाककृती लिहिणाऱ्यांनाही माझी एक नम्र सूचना आहे. वाटीने लिहा, अवश्य लिहा, पण ती वाटी किती मिलीलिटरची हे पहिल्या पानावर एकदा सांगा. अमेरिकेचा कप सुमारे २३७ मिलीलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा, जपानचा २०० चा. आपली वाटी मात्र ज्या लग्नात आहेर म्हणून आली त्या लग्नाच्या मानाची! कणीक, बेसन, पोहे अशा हलक्या जिनसांपुढे ग्रॅमही लिहावेत, कारण तेथे चूक मोठी होते. तांदूळ-डाळीला फक्त वाटी चालेल. अर्थात सगळेच आकड्यांत येत नाही, हेही कबूल केले पाहिजे. आमच्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो नवा असताना पाणी कमी पितो, जुना झाला की जास्त. ते आई दाणा दाताखाली धरून सांगते. तेथे माझा काटा गप्प बसतो.

आणि आपण? या महाविद्यालयात विज्ञान शाखा आहे, प्रयोगशाळेत उत्तम काटे आहेत आणि दरवर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एखाद्या खेड्यात जाते. त्या शिबिरात आपण रस्ता झाडतो, गाणी म्हणतो, ते चांगलेच आहे. पण एका दुपारी त्या खेड्यातील शाळेच्या स्वयंपाकघरात काटा घेऊन जावे, तेथील मग आणि वाट्या पारखून द्याव्यात, आणि कोष्टक मराठी-कन्नड दोन्ही भाषांत भिंतीवर लिहून यावे. प्राध्यापकांनी मनावर घेतले तर घनतेचा पाठही त्यातच होऊन जाईल. तपासनीस म्हणून मात्र जाऊ नये. रांधणाऱ्या बाईच्या शेजारी बसून, तिला विचारून, तिच्याच भांड्याने मोजावे.

आईला मी ३६५ चा आकडा सांगितला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, मगात आतून वरवंटा घातला आणि पोचा ठोकून काढला. सगळा नाही निघाला. पुन्हा तोलून पाहिले तर ४०५. तीन मगांचे १,२१५ ग्रॅम. तिने खिळ्याने मगाच्या काठावर एक खूण केली आणि म्हणाली, 'आता येऊ दे साहेबाले.'

साहेब अजून आलेले नाहीत. नोंदवहीतला शेरा तसाच आहे. सुट्टी संपवून निघताना काटा मी तिच्याजवळच ठेवून आले. मामीला नवा घेऊन देणे आहे.